काळ्या वाळूवरचे रंग

अंदमानातले बॅरन बेट पाण्यावर दिसते ते जेमतेम साडेतीनशे मीटर उंच आणि तीनेक किलोमीटर रुंद. खरा डोंगर पाण्याखाली आहे. तो सुमारे सव्वादोन हजार मीटर खोल तळापासून उभा राहिला आहे आणि पायथ्यापासून मोजला तर कळसूबाईपेक्षा जवळपास हजार मीटरने उंच भरेल. श्रीविजयपुरमपासून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर असलेला हा डोंगर दक्षिण आशियातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. या भागात भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या खडकातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरचा तप्त खडक वितळतो आणि तो रस वाट काढत वर येतो. या बेटावरच्या उद्रेकांच्या लेखी नोंदी १७८७ पासून मिळतात. एकोणिसाव्या शतकात ज्वालामुखी शांत झाला आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तेव्हापासून तो अधूनमधून धुमसतो आहे.

२३ जानेवारी २०१७ रोजी दुपारी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘सिंधु संकल्प’ हे जहाज बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने काढत होते. अभय मुधोळकर पथकाचे प्रमुख होते. काम चालू असतानाच डोंगराने अचानक राख ओकायला सुरुवात केली. जहाज मैलभर मागे घेऊन पथक पाहत राहिले. पाच-दहा मिनिटांचा एकेक झटका येत होता. दिवसा नुसते राखेचे ढग दिसले, सूर्य मावळल्यावर मात्र विवरातून उडणारी लाल कारंजी आणि उतारावरून वाहणारा लाव्हा स्पष्ट दिसू लागला. अशा डोंगराच्या कुशीत लोक हौसेने पाण्यात उतरतात याचे नवल वाटेल. बेटावर पाय ठेवायला सहसा परवानगी मिळत नाही, पण भोवतालच्या पाण्यात परवाने घेऊन बोटी येतात आणि स्कूबा डायव्हिंगसाठी हे पाणी देशातल्या उत्तम पाण्यांपैकी मानले जाते.

त्याचे कारण खडकात आहे. उकळता लाव्हा समुद्रात शिरला की क्षणात थिजतो आणि काचेसारखा फुटतो. लाटा त्या तुकड्यांचा चुरा करतात आणि काळी वाळू तयार होते. ही वाळू जड आणि भरड असल्याने ढवळली तरी लवकर खाली बसते. बेट छोटे, वर वस्ती नाही, शेती नाही आणि गाळ आणणारी नदीही नाही. उतार इतका तीव्र की किनाऱ्यापासून थोडे दूर गेले तरी खाली शेकडो मीटर पाणी. त्यामुळे समुद्र शांत असेल तर तीस मीटर लांबचा खडकही दिसतो.

नाशिककरांना हे उलट्या बाजूने समजणे सोपे आहे. सातपूरला इमारतीचा पाया खणताना मुरमाखाली जो काळा पाषाण लागतो, तोही लाव्हाच. फक्त तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या कारणाने, जमिनीला पडलेल्या भेगांतून वाहून आला. तो झिजून त्याची काळी माती झाली आणि दर पावसाळ्यात ती गोदावरीतून वाहत जाते. पूर आला की रामकुंडावर जे चहाच्या रंगाचे पाणी दिसते, तसला गाळ घेऊनच नदी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी पाण्यात उतरणाऱ्याला स्वतःचा हातही नीट दिसणार नाही. त्याच उपसागरापलीकडे, अंदमानच्या समुद्रात, ताजा लाव्हा मात्र पाणी आरशासारखे ठेवतो. अर्थात उद्रेक चालू नसेल तेव्हा, कारण राख पडू लागली की प्रवाळांचा श्वास कोंडतो आणि लाव्हाच्या वाटेत आलेले सगळेच संपते.

तरीही प्रवाळ परत येतात. इंडोनेशियात बांदा बेटांमधल्या गुनुंग आपी या ज्वालामुखीचा १९८८ मध्ये उद्रेक झाला आणि लाव्हा थेट समुद्रात गेला. पाच वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिथे पाहणी केली, तेव्हा त्या नव्या खडकावर प्रवाळांच्या १२४ जाती मोजल्या गेल्या. मेजासारख्या पसरट प्रवाळांचा व्यास काही ठिकाणी नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गेला होता. लाव्हाचा पृष्ठभाग खडबडीत आणि सच्छिद्र असतो, प्रवाळाच्या पिलाला चिकटायला तो सोयीचा, आणि नव्या खडकावर आधीपासून जागा अडवून बसलेले कोणी नसते. नाशिकच्या पाषाणातही अशीच छिद्रे आहेत. त्यांच्यात कोट्यवधी वर्षांत स्फटिक भरले, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. बॅरनच्या छिद्रांत मात्र अजून खेकडे राहतात.

मराठी माणसाची स्कूबाशी पहिली भेट बहुधा मालवणला होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे खडक आणि तारकर्लीचा किनारा यांमुळे गेल्या काही वर्षांत इथे हा मोठा व्यवसाय झाला. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. इथला सागरी जीवनाचा पट्टा १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण हा किनारा नद्यांचा आहे. कर्ली नदी आणि कोळंबची खाडी पाण्यात माती आणतात, किनारा उथळ असल्याने लाट आली की तळ ढवळतो, आणि पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असते. इथे दिसणारे जग जवळचे आहे: खडकाला चिकटलेले प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, कपारीतला एखादा ईल. पर्यटकाला पाचसहा मीटर खाली नेतात, गाईड मागून सिलिंडर धरून ठेवतो आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने चित्रफीत काढतो. मासे जमावेत म्हणून पाव किंवा बिस्कीट कुस्करण्याची सवय मात्र वाईट आहे. त्याने मासे माणसाळतात, पण खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळे ठेवण्याचे त्यांचे काम सुटते.

बॅरनला असे हाताला धरून कोणी नेत नाही. तिथे उतरणाऱ्याकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पुरेसा अनुभव लागतो. पहिल्या अभ्यासक्रमानंतर १८ मीटर, पुढच्यानंतर ३० मीटर आणि हौशी डायव्हरला जास्तीत जास्त ४० मीटर, अशा मर्यादा जगभर पाळल्या जातात. त्यामागचे गणित साधे आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने भरलेली हवा वर तास-दीड तास पुरली असती, ती इथे अर्ध्या तासाच्या आसपास संपते. दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. माणूस झटकन वर आला तर तो वायू सोड्याची बाटली उघडल्यासारखा बुडबुडे होऊन सुटतो. म्हणून वर यायचे ते सावकाश, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा होतो. नवख्या पर्यटकाच्या आनंदाने गाईडची धांदल उडते ती यामुळेच.

याच नायट्रोजनमुळे शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसायची घाई करायची नसते. एकाहून जास्त डायव्ह झाल्या असतील तर किमान अठरा तास थांबावे असा नियम आहे. मालवणहून परतणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण तो विमानाने जात नाही. पण आंबोली घाटाचा माथा सातशे मीटरच्या जवळपास आहे आणि नाशिकही सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पाच मीटरच्या पर्यटक डायव्हने काही बिघडत नाही. मात्र दोन दिवस खोल डायव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी घाटात घालणे हे थोडेसे विमानात बसण्यासारखेच.

पाणी कितीही निवळ असले तरी फोटोचा खरा शत्रू पाणीच असते. प्रकाशातला लाल रंग पहिल्या पाच मीटरमध्येच बहुतेक गिळला जातो, मग नारिंगी, मग पिवळा. वीस मीटरवर सगळे निळे-राखाडी दिसते, आणि बोट कापले तर रक्त हिरवट-काळे दिसते. अंतर मोजायचे ते केवळ खोलीचे नाही. सूर्यापासून प्रवाळापर्यंत आणि प्रवाळापासून भिंगापर्यंत जेवढे पाणी, तेवढा रंग जातो. म्हणून फोटोग्राफर स्वतःचा उजेड घेऊन जातो. तोही फार तर मीटर-दीड मीटरपर्यंत कामाचा, त्यापुढे तोच उजेड निळा होतो. बॅरनला तीस मीटर दिसते म्हणून तीस मीटरवरून फोटो काढणारा निराश होऊन परततो. मोठ्या मांटा रे माशाची आकृती दुरून, वरच्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर काळी सावली म्हणून टिपता येते, पण रंग हवे असतील तर हातभर जवळ जावे लागते.

फ्लॅश वापरला की दुसरी अडचण उभी राहते. पाण्यातल्या प्रत्येक कणावर उजेड पडून चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. कसाऱ्याच्या घाटात धुक्यात हेडलाईट अप्पर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तोच हा प्रकार. त्यावर उपाय म्हणजे दिवे भिंगापासून दूर, लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना लावायचे आणि थोडे बाहेरच्या दिशेने वळवायचे. मग कॅमेऱ्यासमोरच्या पाण्यावर उजेड पडत नाही, पलीकडच्या प्रवाळावर मात्र पडतो. गढूळ मालवणात ही युक्ती अधिकच लागते.

ज्वालामुखी बेटाची खास अडचण काळेपणाची आहे. काळा खडक आणि काळी वाळू उजेड पिऊन टाकतात. त्र्यंबकेश्वराच्या काळ्या पाषाणाच्या देवळाचा मोबाईलवर फोटो काढणाऱ्याने हे पाहिलेले असते: कॅमेरा काळ्याला करडे करतो आणि मागचे आभाळ पांढरेफटक पडते. पाण्याखाली आभाळाच्या जागी मासा असतो आणि त्याचा रंग उडतो. म्हणून इथे कॅमेऱ्याला सुचेल त्यापेक्षा कमी उजेड घेतात. तो हिशेब जमला की हेच काळेपण वरदान ठरते. इंडोनेशियात लेंबेह सामुद्रधुनीच्या काळ्या वाळूवर जगभरचे फोटोग्राफर बोटाएवढ्या जिवांसाठी तासन्‌तास पडून असतात, कारण तिथे नखाएवढी पिवळी समुद्री गोगलगाय मखमलीवर ठेवलेल्या दागिन्यासारखी उठून दिसते.

हा उद्योग जुना आहे. लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये भावाकडून कॅमेऱ्यासाठी पाणबंद पेटी बनवून घेऊन समुद्राखाली छायाचित्रे काढली. पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी काढले. त्यासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती. आज तेवढा उजेड मुठीत मावतो.

पेटी मात्र अजून लागते. पाण्यात सगळे एक चतुर्थांश जवळ भासते, त्यामुळे पेटीची काच सपाट असेल तर दृश्य आवळले जाते. मोठ्या देखाव्यासाठी घुमटाकार काच लावतात, बारीक जिवांसाठी सपाटच बरी. पेटीच्या दोन भागांमधून पाणी शिरू न देणारी गोष्ट म्हणजे रबराची एक कडी, ओ-रिंग. ती बोटांनी काढायची, पुसायची, सिलिकॉनचा पातळ हात द्यायचा आणि उजेडात फिरवून पाहायची. तिच्यावर डोक्याचा एक केस आडवा पडला तर तीस मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोचा जादा भार त्या केसाच्या फटीतून पाणी आत ढकलतो. पेटी बंद केल्यावर ती आधी बादलीत बुडवून बुडबुडे येतात का ते बघतात, मगच समुद्रात नेतात. वर आल्यावर ती उन्हात वाळू न देता गोड्या पाण्याच्या टबात ठेवतात आणि प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबतात. मीठ बटणाच्या दांडीपाशी वाळले तर पुढच्या डायव्हला तिथला स्फटिक दांडीभोवतीची तशीच कडी कापतो.