धडा संपला की गणितं मिसळा

बारावी सायन्सचा गणिताचा लेखी पेपर ८० मार्कांचा, वेळ तीन तास. सुरुवातीचे २० मार्क सक्तीचे: दोन-दोन मार्कांचे आठ बहुपर्यायी प्रश्न आणि एकेका मार्काचे चार. पुढे बोर्ड निवड देतं. दोन मार्कांच्या १२ पैकी ८, तीन मार्कांच्या १२ पैकी ८ आणि चार मार्कांच्या ८ पैकी ५ प्रश्न सोडवायचे. निवड करायची म्हणजे प्रश्न वाचताक्षणी तो कोणत्या रीतीने सुटेल ते दिसायला हवं. आणि पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव नसतं.

वहीत ते असतं, घोटाळा तिथेच होतो. मारेगाव-वणी भागातला बारावीचा मुलगा किंवा मुलगी कॅल्क्युलसची तयारी साधारण एकाच पद्धतीने करते: आज ‘बाय पार्ट्स’चं एक्झरसाइज, उद्या ‘पार्शियल फ्रॅक्शन’चं. वीसच्या वीस गणितं सुटतात आणि धडा झाला असं वाटतं. खरं तर पहिल्या गणितापासूनच रीत ठाऊक होती, उरली होती ती फक्त आकडेमोड.

तरीही धड्याधड्याने सराव करणं चूक नाही. सुरुवात तशीच करावी लागते, कारण कॅल्क्युलसचे धडे एकमेकांवर उभे आहेत. बालभारतीच्या दुसऱ्या भागात आधी डिफरन्शिएशन, मग त्याचे उपयोग, नंतर इनडेफिनिट आणि डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळ आणि डिफरन्शियल इक्वेशन असा क्रम आहे. हा क्रम मोडू नये. मात्र एक दुरुस्ती हवी: इन्व्हर्स ट्रिगोनोमेट्री पहिल्या भागात आहे, ती डिफरन्शिएशनच्या आधी पक्की करावी. अकरावीचं लिमिट कच्चं असेल तर आठवडाभर तेच. ज्यांना ‘चेन रूल’ नीट लागत नाही असं वाटतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं खरं दुखणं साइन-कॉसच्या सूत्रांत असतं.

एकेका रीतीची आठ-दहा गणितं ओळीने, पायऱ्या न गाळता सोडवली की हात बसतो. दहा सुटल्यावर अकरावं त्याच जातीचं करण्यात फारसं हशील नाही. तिथून पुढे गणितं मिसळायची.

मिसळायची कशासाठी, हे इंटिग्रेशनमध्ये सगळ्यात चांगलं दिसतं. समजा छेदात एक्सवर्ग अधिक चार एक्स अधिक तेरा आहे आणि अंशात नुसता एक. छेदाचे अवयव पडत नाहीत, म्हणून पूर्ण वर्ग करायचा: एक्स अधिक दोनचा वर्ग, अधिक नऊ. उत्तर टॅन इन्व्हर्समध्ये येतं, बाहेर एक तृतीयांश. आता छेद तोच ठेवून अंशात दोन एक्स अधिक चार लिहा. अंश म्हणजे छेदाचंच डेरिव्हेटिव्ह, त्यामुळे उत्तर एका ओळीत: छेदाचा लॉग. इथे पूर्ण वर्ग करत बसणारा वेळ घालवतो. पुन्हा अंशात एक घ्या आणि तेराच्या जागी तीन लिहा. अवयव पडतात, एक्स अधिक एक आणि एक्स अधिक तीन, म्हणून पार्शियल फ्रॅक्शन, आणि उत्तर दोन लॉगच्या वजाबाकीचं अर्धं. तीनच्या जागी चार आलं तर छेद हाच पूर्ण वर्ग, उत्तर वजा एक भागिले एक्स अधिक दोन. लॉगही नाही, टॅन इन्व्हर्सही नाही.

चारही गणितं लांबून सारखीच दिसतात, पण एका आकड्याने रीत बदलते. ही चार वेगवेगळ्या एक्झरसाइजमध्ये भेटली तर फरक कधी डोळ्यात भरत नाही, एका पानावर आली तर लगेच भरतो. डिफरन्शिएशनमध्येही तसंच आहे. एक्सचा पाचवा घात, पाचचा एक्सवा घात आणि एक्सचा एक्सवा घात ही तीन शेजारीशेजारी लिहून पाहा. तिसऱ्याला पहिल्या दोघांचं सूत्र चालत नाही, लॉग घ्यावाच लागतो.

याला प्रयोगाचाही आधार आहे. फ्लोरिडातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग केली, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी सलग करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. सराव करताना जे सोपं वाटतं त्यावर विसंबू नये ते यासाठी. मिसळलेला सराव करताना आपण मागे पडलो असं वाटतं; बहुतेक मुलं तिथेच तो सोडून देतात.

मिसळण्यासाठी नवं गाइड विकत घ्यायची गरज नाही. प्रत्येक धड्याच्या शेवटी ‘मिसलेनियस एक्झरसाइज’ असतो. वेळ नाही म्हणून शिकवताना अनेकदा तोच गळतो. पुस्तक नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. याच्या जोडीला चिठ्ठ्या कराव्यात: एका बाजूला नुसता प्रश्न, मागे उत्तर, धड्याचं नाव कुठेच नाही. सगळ्या एका डब्यात. रोज दहा चिठ्ठ्या काढायच्या आणि प्रत्येकीची फक्त पहिली पायरी तोंडी सांगायची: इथे सबस्टिट्यूशन, काय धरू? इथे बाय पार्ट्स, आधी कोण? त्यातली दोनच पूर्ण सोडवायची. चुकलेली चिठ्ठी डब्यात परत, लागोपाठ दोनदा बरोबर आलेली बाहेर.

दिवाळीनंतर ही सवय जास्त उपयोगी पडते. तेव्हा या भागात कापसाची वेचणी चालू असते आणि घरी पऱ्हाटी असलेल्या मुलांना सुटीचा आख्खा दिवस अभ्यासाला मिळेलच असं नाही. दहा चिठ्ठ्यांची पहिली पायरी वीस मिनिटांत होते.

लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण बोर्डात पायऱ्यांनाही मार्क आहेत. एक उदाहरण घ्या. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून १२० मीटर तारेचं कुंपण घालायचं आहे, एका बाजूला नाला असल्याने तिथे तार नको. जास्तीत जास्त जागा कशी घेरता येईल? नाल्याला काटकोनातली बाजू एक्स धरली तर समोरची १२० वजा दोन एक्स, क्षेत्रफळ १२० एक्स वजा दोन एक्सवर्ग. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की एक्स ३० येतो, समोरची बाजू ६०, क्षेत्रफळ १८०० चौरस मीटर. उत्तर बरोबर आहे, पण इथेच थांबलं तर मार्क जाऊ शकतो. दुसरं डेरिव्हेटिव्ह वजा चार, म्हणजे ऋण, म्हणून ही कमाल किंमत, ही ओळ लिहावीच लागते. इनडेफिनिट इंटिग्रेशनमध्ये ‘अधिक सी’ विसरणं हीसुद्धा अशीच गळती.

शेवटच्या महिन्यात पूर्ण जुने पेपर, घड्याळ लावून, कॅल्क्युलेटरशिवाय सोडवावेत, कारण बोर्डात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. निवडीच्या प्रत्येक विभागात आधी सगळे प्रश्न वाचून, घ्यायच्या प्रश्नांवर पेन्सिलीची खूण करून मगच लिहायला सुरुवात करावी. सीईटी देणाऱ्यांनी डबा बोर्डानंतरही ठेवावा: तिथे गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत असतात, त्यात अकरावीचाही वाटा असतो, म्हणून लिमिटच्या चिठ्ठ्या तेव्हा वाढवायच्या.