पुरुष नसबंदी : सुरक्षितता व गुंतागुंत

पुरुष नसबंदी ही कुटुंबनियोजनाची कायमस्वरूपी शस्त्रक्रिया आहे. तीत दोन्ही शुक्रवाहिन्या कापून त्यांची टोके बंद केली जातात. त्यामुळे वृषणांत तयार होणारे शुक्राणू वीर्यात मिसळत नाहीत. शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन केली जाते व रुग्णाला त्याच दिवशी घरी जाता येते. पोट उघडावे लागत नसल्याने ती स्त्री नसबंदीपेक्षा सोपी व कमी जोखमीची मानली जाते.

बिनटाक्याची पद्धत
ही पद्धत चीनमधील शल्यचिकित्सक ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये विकसित केली. तीत त्वचेला छेद न देता टोकदार चिमट्याने बारीक छिद्र पाडतात. त्यामुळे रक्तस्राव व जंतुसंसर्ग कमी होतो.

गुंतागुंत
शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सौम्य वेदना, सूज व काळेनिळेपणा आढळतो. रक्तगाठ किंवा जंतुसंसर्ग साधारणतः १ ते २ टक्के पुरुषांत होतो. ताप, वाढती सूज, पू किंवा तीव्र वेदना असल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. कापलेल्या टोकातून पाझरलेल्या शुक्राणूंभोवती लहान गाठ होऊ शकते. ती बहुधा निरुपद्रवी असते. सुमारे १ ते २ टक्के पुरुषांत दीर्घकाळ टिकणाऱ्या व उपचारांची गरज भासणाऱ्या वेदना राहतात.

परिणामकारकता
नसबंदी तत्काळ परिणामकारक होत नाही, कारण शुक्रवाहिन्यांच्या पुढील भागात शुक्राणू शिल्लक असतात. सुमारे तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याची खात्री होईपर्यंत अन्य गर्भनिरोधक वापरावे लागते. खात्रीनंतर गर्भधारणेची शक्यता सुमारे २,००० मध्ये १ इतकी असते. लैंगिक संसर्गांपासून नसबंदी संरक्षण देत नाही. शुक्रवाहिन्या पुन्हा जोडता येतात. परंतु यशाची हमी नसते.

गैरसमज
नसबंदीमुळे पुरुषत्व नष्ट होते, हा समज निराधार आहे. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वृषणांतून थेट रक्तात मिसळते. त्याचा शुक्रवाहिन्यांशी संबंध नसतो. वीर्यातील बहुतांश द्रव अन्य ग्रंथींतून येत असल्याने त्याचे प्रमाणही फारसे बदलत नाही.

भारतातील स्थिती
आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) झालेल्या सक्तीच्या नसबंदीमुळे या शस्त्रक्रियेविषयी भीती व अविश्वास निर्माण झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पतीच्या नसबंदीचे प्रमाण केवळ ०.३ टक्के होते. अधिक सोपी शस्त्रक्रिया उपलब्ध असूनही तिचा भार प्रामुख्याने स्त्रियांवरच आहे.