बोलणारा जोडा

बाभळीचा काटा पायात रुतला, की आपण 'आई गं!' म्हणून थबकतो आणि तो काढल्यावाचून पुढचे पाऊल टाकीत नाही. त्या क्षणी आपणांस वेदनेचा मोठा राग येतो. ही वेदना नसती तर किती बरे झाले असते, असा विचार लहानपणी कोणाच्या मनात आला नसेल? परंतु मुलांनो, ज्यांच्या पायांना वेदना होतच नाहीत अशी लाखो माणसे या जगात आहेत, आणि त्यांची स्थिती मुळीच हेवा करण्याजोगी नाही. तोच काटा त्यांच्या तळव्यात रुतला, तर ती तशीच चालत राहतात. घरी आल्यावर फरशीवर उमटलेले रक्ताचे ठसे पाहून कोणीतरी ओरडते, तेव्हा कोठे त्यांना घडलेला प्रकार कळतो.

पायांची संवेदना अशी नाहीशी होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील दोन प्रमुख होत. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत शिरून त्यांचा नाश करतात. औषधांनी आज हा रोग पूर्ण बरा होतो; पण एकदा गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. दुसरे कारण मधुमेह. रक्तातील साखर वर्षानुवर्षे प्रमाणाबाहेर राहिली, म्हणजे मज्जातंतू हळूहळू निकामी होऊ लागतात. आणि शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जाणारे असल्यामुळे पहिला घाव बहुधा पायांवरच पडतो. याची परीक्षा सोपी आहे. रोग्यास डोळे मिटावयास सांगून डॉक्टर त्याच्या तळव्यास नायलॉनचा एक धागा टोचून धरतात. दहा ग्रॅम भार पडताच धागा वाकतो. एवढाही स्पर्श ज्याला कळत नाही, त्याच्या पायावरचा पहारा उठला असे समजावे.

हा पहारा किती मोलाचा असतो, हे जगाला पटवून देणारे संशोधन आपल्याच देशात झाले. आजच्या तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले इंग्रज शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने मांस सडते व बोटे आपोआप गळून पडतात, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. एके दिवशी गंजलेल्या कुलपाची किल्ली डॉक्टरांना काही केल्या फिरेना. तेव्हा एका लहान रोगी मुलाने पुढे होऊन ती सहज फिरविली. डॉक्टर चकित झाले. पण लगेच त्यांना जमिनीवर रक्ताचा थेंब दिसला. किल्लीच्या कडेने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता! पुढे काही रोग्यांची बोटे रात्रीतून नाहीशी होऊ लागली, तेव्हा पहारा ठेवण्यात आला. उंदीर निजलेल्या माणसाचे बोट कुरतडीत होता, आणि तो माणूस शांत झोपेत होता. मग घरी परतणाऱ्या रोग्यांबरोबर मांजर देण्याची प्रथा पडली. विज्ञानाच्या इतिहासात मांजरांना असा मान क्वचितच मिळाला असेल.

काटे आणि उंदीर यांपासून बचाव करता येतो. पायाचा खरा शत्रू याहून सौम्य दिसतो. आपण दूरवर चालू लागलो, की तळव्याचा एखादा भाग हुळहुळू लागतो आणि आपल्या नकळत आपण भार दुसरीकडे सरकवितो. थोडे लंगडतो, जोड्यातील खडा झटकतो. बधिर पायाचा माणूस मात्र शेवटच्या कोसालाही पहिल्याच चालीने चालतो. एकाच ठिकाणी तोच दाब हजारो वेळा पडतो, कातडीखालचे मांस चेचते आणि शेवटी तेथे व्रण होतो. तो चिघळला, तर पाय कापण्याची पाळी येते.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी योजना आखली. खरी वेदना देता येत नाही, तर कृत्रिम वेदना निर्माण करावी! दाब मोजणारे लहान संवेदक त्यांनी हातमोज्यांत व पायमोज्यांत बसविले. दाब वाढला, की कानात आवाज होई. रोग्यांनी आवाज ऐकला आणि हातातले काम तसेच चालू ठेवले. मग काखेत, जेथे संवेदना शाबूत होती तेथे, विजेचा झटका देण्याची सोय झाली. तेव्हा रोगी काय करू लागले? धोक्याचे काम आले, की ते यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि मग यंत्र पुन्हा चालू करीत! योजना सोडून द्यावी लागली. मला तर ही फसलेली योजना कित्येक यशस्वी यंत्रांपेक्षा अधिक शिकविणारी वाटते. आपल्या वेदनेला बटण नसते, आणि तिचे सारे सामर्थ्य त्यातच आहे.

मग हा प्रश्न सुटला कसा? पूर्णपणे अजून सुटलेला नाही. पण वाट सापडली आहे. जोड्याच्या आत पायाखाली जो सुखतळा असतो, त्यात आता आठ बारीक संवेदक बसवितात. अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब फार कमी असतो. पाऱ्याच्या सुमारे पस्तीस मिलिमीटरांहून अधिक दाब बाहेरून बराच वेळ राहिला, तर त्या चेपल्या जाऊन मांसाचा रक्तपुरवठा खुंटतो. तसे होऊ लागले, की सुखतळा मनगटावरील घड्याळाला संदेश धाडतो आणि घड्याळ मालकाला सांगते, 'या जागेवरचा भार हलवा.' त्याने थोडे बसावे किंवा चार पावले फिरावे, एवढेच त्याचे मागणे असते. झटका देऊन काम थांबविण्यापेक्षा हे मागणे सोपे आहे, म्हणूनच माणसे ते ऐकत असावीत.

मँचेस्टर येथील संशोधकांनी याची कसून परीक्षा केली. पूर्वी पायास व्रण होऊन गेलेल्या मधुमेही व्यक्तींना त्यांनी हे सुखतळे दिले. सर्वांचे सुखतळे एकसारखेच होते. फक्त काहींच्या घड्याळांना बोलू दिले आणि उरलेल्यांची मुकी ठेवली. अठरा महिन्यांच्या या परीक्षेचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची घड्याळे बोलत होती, त्यांच्यात पुन्हा व्रण होण्याचे प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी आढळले.

दुसरी युक्ती उष्णतेची. व्रण होण्यापूर्वी ती जागा आतून तापते. एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेहून २.२ अंश सेल्सिअसने अधिक उष्ण राहू लागली, तर तो धोक्याचा इशारा मानतात. उष्णता मोजणारे संवेदक ज्यांत विणले आहेत, असे पायमोजेही आता निघाले आहेत.

ही साधने महाग आहेत, आणि खेड्यापाड्यांतील बहुतेक रोग्यांच्या पायांत आजही साधी चप्पलच असते. पण तीही विचारपूर्वक केलेली असू शकते. तिचा वरचा थर सूक्ष्म पोकळ्यांच्या मऊ रबराचा, म्हणजे दाब सर्वत्र पसरतो. खालचा थर कठीण, म्हणजे काटा आरपार जात नाही. टाचेमागे पट्टा असतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी ती घालणाऱ्यास कळत नाही. ती पायात चढविण्यापूर्वी उलटी करून झटकावी लागते आणि रात्री तळवे दिव्याजवळ नेऊन न्याहाळावे लागतात. वय झालेल्या माणसास वाकून तळवा पाहता येत नाही. तेव्हा तो जमिनीवर आरसा ठेवून त्यात पाहतो, किंवा घरातल्या नातवाला हाक मारतो.