रात्री दात खाता? मग स्प्लिंट कोणती घ्यावी?

सकाळी उठल्यावर जबडा अवघडतो, कानशिले ठणकतात. घरचे सांगतात, ‘रात्रभर कराकरा दात खात होतास.’ लगेच कुणीतरी म्हणते, पोटात जंत झाले असतील. पण मोठ्या माणसांत यामागे बहुधा मनावरचा ताण, बिघडलेली झोप, दारू-तंबाखू अशी कारणे असतात. दात झिजू नयेत म्हणून दंतवैद्य दातांवर बसणारी टोपी देतात. तिला स्प्लिंट किंवा नाईट गार्ड म्हणतात. ती सवय मोडत नाही. दातांची झीज स्वतःवर घेते.

जुनी पद्धत : मापाचा ओला मसाला ट्रेमध्ये भरून तोंडात धरतात. काहींना उमासा येतो. मापात लगेच प्लास्टर ओतावे लागते, नाहीतर माप आकसते. त्या साच्यावर कवळीच्याच अ‍ॅक्रिलिकची स्प्लिंट घडवतात. वेळ लागतो, पण ती मजबूत असते आणि तडा गेला तर दुरुस्त होते.

नवी पद्धत : छोटा कॅमेरा दातांवरून फिरवतात. संगणकावर आकार ठरतो आणि प्रिंटर प्रकाशाने घट्ट होणारे रेझीन थरावर थर चढवतो. एक थर साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरचा. मग स्प्लिंट अल्कोहोलने धुऊन पुन्हा प्रकाशात पक्की करतात. ही पायरी घाईत उरकली, तर कच्चे रेझीन उरून हिरड्यांना त्रास होऊ शकतो. फायदा असा, की माप संगणकात राहते. स्प्लिंट हरवली आणि दात तसेच असले, तर नवी छापता येते. मात्र अनेक छापील स्प्लिंट अ‍ॅक्रिलिकपेक्षा लवकर झिजतात.

तेव्हा नवे यंत्र म्हणजे चांगलेच, असे समजून कर्ज काढू नका. स्प्लिंट कशी बनली यापेक्षा ती नीट बसते का, सगळ्या दातांचा चाव सारखा येतो का, हे महत्त्वाचे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : मला खरेच गरज आहे का? बसवल्यावर घासून जुळवून द्याल का? तुटली तर काय? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगीत पैसे भरण्याआधी तिथे दाखवून या.

स्प्लिंट रोज गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, आकार बिघडतो. दुसऱ्याची स्प्लिंट कधीही वापरू नका.