जुन्या फिरत्या घराचा तोल

१९५० साली पश्चिम जर्मनीतील फोक्सवागेन कारखान्यातून डब्याच्या आकाराची एक मोटारगाडी बाहेर पडू लागली. तिची मूळ कल्पना बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या टिपणवहीत रेखाटून ठेवली होती. गाडी होती मालवाहतुकीसाठी. पण वर्षभरातच वेस्टफालिया या जर्मन संस्थेने तिच्यात झोपण्याचा बाक, कपाटे आणि स्वयंपाकाची जुजबी सोय बसवून दिली आणि फिरते घर जन्माला आले. पुढे १९६०-७० च्या दशकांत अशा गाड्या युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचल्या. ब्राझीलमध्ये या गाडीचे उत्पादन २०१३ सालापर्यंत चालू होते. आजही अनेक कुटुंबे पन्नास-साठ वर्षे वयाच्या या गाड्या हौसेने बाळगतात आणि त्यांतून प्रवास करतात. त्या हौसेत एक धोका दडलेला असतो: गाडी वळणावर झुकते, वाऱ्याने सरकते आणि प्रसंगी कलंडूही शकते. हा धोका कमी करता येतो. मात्र त्यासाठी उपायांचा क्रम समजून घ्यावा लागतो.

गाडीच्या अस्थिरतेची कारणे तिच्या रचनेतच आहेत. पहिल्या गाड्यांचे इंजिन २५ अश्वशक्तीचे होते आणि ते मागील आसाच्याही मागे बसवलेले होते. चालक थेट पुढील चाकांवर बसे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर केवळ २.४ मीटर, तर उंची दोन मीटरच्या जवळपास. अशी गाडी वळण घेते तेव्हा तिला बाहेर लोटू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटर वेगाला हा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. ताशी ७० किलोमीटर वेगाला तो जवळजवळ दोन-तृतीयांश होतो. वेगात भर वीस किलोमीटरची पडली, पण जोर दुपटीच्या घरात गेला.

हा जोर गाडीच्या गुरुत्वमध्यापाशी लागतो आणि त्याला विरोध टायर जमिनीपाशी करतात. म्हणून गुरुत्वमध्य जितका उंच तितकी कलंडण्याची भीती अधिक. एक उदाहरण घेऊ. समजा, गाडीचे वजन १६०० किलो, गुरुत्वमध्याची उंची ७५ सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर आहे. या अंतराच्या निमपटीला उंचीने भागले असता ०.९३ हा आकडा येतो; तो जितका मोठा तितकी गाडी स्थिर. आता छतावर, म्हणजे जमिनीपासून २१० सेंटिमीटर उंचीवर, ८० किलोचे सामान बांधले तर गुरुत्वमध्य सहा सेंटिमीटरांहून अधिक वर चढतो आणि तो आकडा ०.८६ वर उतरतो. प्रत्यक्षात टायर दबतात, गाडीचा सांगाडा झुकतो, त्यामुळे खरी स्थिरता याहूनही कमी असते. चाके रुंदावण्यासाठी दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरच्या चकत्या बसवून घेतल्या तरी लादलेल्या गाडीचा आकडा ०.८९ च्या आसपासच जातो. शिवाय चाकांच्या बेअरिंगवर जादा ताण पडतो तो निराळाच. तेच सामान खाली उतरवून जमिनीलगत ठेवण्यास काहीच खर्च येत नाही, आणि लाभ मात्र अधिक होतो. पाण्याच्या टाकीलाही हाच न्याय लागू आहे. ती खाली आणि दोन आसांच्या मध्ये असावी. प्रवासात ती पूर्ण भरलेली तरी असावी किंवा रिकामी तरी, कारण अर्ध्या टाकीतील पाणी वळणावर नेमके नको त्या बाजूला धावते.

१९६७ सालापर्यंतच्या गाड्यांत आणखी एक दोष होता आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. मागील चाकाचा अर्धा आस फक्त गिअरपेटीपाशी एका सांध्यावर हले. चाकापाशी दुसरा सांधा नव्हता. परिणामी चाक वर-खाली होताना पक्ष्याच्या पंखाप्रमाणे कमानीत फिरे. वळणावर बाहेरच्या चाकावर आतल्या दिशेने दाब आला की तो दाब गाडीचा मागचा भाग वर उचलू लागे, चाक गाडीखाली दुमडले जाई आणि टायर आपल्या कडेवर उभा राही. घाबरलेल्या चालकाने अशा वेळी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की वजन पुढे सरके, मागचा भाग आणखी हलका होऊन उचलला जाई आणि संकट अधिकच गडद होई. भर वळणात पाय न काढता वळणापूर्वीच वेग कमी करणे, ही या गाडीच्या चालकाने अंगी बाणवण्याची पहिली सवय होय.

याच प्रकारच्या आसामुळे अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर ही मोटार गाजली. राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या पुस्तकात तिच्यावर कडक टीका केली. १९७२ सालच्या एका सरकारी अहवालाने, ती गाडी समकालीन गाड्यांहून विशेष धोकादायक नव्हती, असा निर्वाळा दिला हेही नमूद केले पाहिजे. त्या वादातून शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. कॉर्व्हेअरचा तोल बव्हंशी टायरमधील हवेवर सोपवलेला होता: पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड. पेट्रोलपंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली की तो हिशेब कोलमडे. मागे इंजिन असलेल्या कॅम्परमध्येही मागील टायरांत पुढच्यांपेक्षा जास्त हवा हवी. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि हवा टायर थंड असताना मोजावी. १९६७ च्या उत्तरार्धात आलेल्या नव्या रचनेच्या गाडीत मागील अर्ध्या आसाला दोन सांधे मिळाले आणि चाक दुमडण्याचा दोष बहुतांशी दूर झाला. त्यापूर्वीच्या गाड्यांत मागील चाके फार खाली लोंबू न देणारा आडवा पाटा बसवता येतो. तो खरोखर उपयोगी आहे.

टायरांचा प्रश्न हवेवर संपत नाही. साध्या मोटारीचे टायर मापात बसले तरी त्यांच्या मऊ भिंती या गाडीच्या भाराखाली वाकतात आणि गाडी डुलत असल्याचा भास होतो. भारवाहू वर्गाचे, मजबूत भिंतींचे टायर हवेत. या गाड्या वर्षातून थोड्याच धावत असल्याने नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या भिंतीवरील चार आकडे त्याचा जन्म सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

यानंतर झिजलेल्या भागांकडे वळावे. स्टिअरिंगचे चाक थोडे फिरवूनही गाडीची चाके हलत नसतील तर कोठेतरी ‘प्ले’ आहे. नव्या रचनेच्या गाडीत तो बहुधा टाय रॉडच्या टोकांत, बॉल जॉइंटमध्ये किंवा मधल्या झुलत्या दांड्याच्या बुशात असतो. पुष्कळ मेकॅनिक स्टिअरिंगपेटीचा स्क्रू आवळून हा प्ले लपवतात. पेटी त्यामुळे लवकर झिजते, आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. शॉक अॅब्सॉर्बर मेलेले असतील तर गाडी एका झोल्यानंतर दुसरा घेते आणि लागोपाठच्या वळणांवर हे झोले एकमेकांत मिसळतात.

इतके झाल्यावरच जाड अँटी-रोल बारचा विचार करावा. ही पोलादी दांडी डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे झुकणे कमी करते, म्हणून ती बसवताच गाडी सुधारल्याचा अनुभव येतो. मात्र वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाईल, हे मुख्यतः वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील अंतर यांवर ठरते. दांडी तो भार कमी करत नाही. पुढचा आस किती वाटा उचलेल व मागचा किती, एवढेच ती बदलते. मागे इंजिन असलेल्या गाडीत केवळ मागे जाड दांडी बसवली तर मागच्या बाहेरील टायरवर जादा भार पडून मागचा भाग आधी घसरू लागतो. म्हणून सुरुवात पुढच्या दांडीने करणे शहाणपणाचे. गाडी थोडी खाली घेतल्याने गुरुत्वमध्य उतरतो खरा. फार खाली घेतल्यास चाकांना हलायला जागा उरत नाही आणि खड्ड्यावर गाडी आदळते.

आडव्या वाऱ्यावर मात्र कोणतीही दांडी चालत नाही. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा सात चौरस मीटरच्या सपाट बाजूवर अंदाजे नव्वद ते शंभर किलो वजनाइतका दाब देतो, आणि तो गाडीच्या पुढच्या भागाला अधिक ढकलतो. ट्रकला ओलांडताना हा दाब क्षणभर नाहीसा होऊन पुन्हा येतो. प्ले नसलेले स्टिअरिंग, बरोबर भरलेली हवा आणि उतरवलेला वेग हेच येथले उपाय.

सुधारणा एका वेळी एकच करावी व तीनंतर ओळखीच्या रस्त्यावर हळू वेगात गाडी चालवून पाहावी, म्हणजे कोणत्या बदलाने काय घडले ते कळते. चाकांचे अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावे, आणि तेही रिकाम्या गाडीचे नव्हे: पाण्याची टाकी भरून, भांडीकुंडी व अंथरूण जागच्या जागी ठेवून आणि आसनांवर माणसांच्या वजनाची पोती ठेवून.