एक्स्प्लेनर : दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात सिनेगॉग होऊ शकतं का? ज्यू धर्मशास्त्र काय सांगतं?

सातारा-सांगलीहून पुण्याला जाणाऱ्या अनेकांनी कॅम्पातलं 'लाल देऊळ' पाहिलं असेल. नाव देऊळ, पण ते आहे १८६७ मधलं ज्यूंचं सिनेगॉग. मुंबईत १७९६ मध्ये उभारलेल्या सिनेगॉगला बेने इस्राएली मंडळी 'मशीद' म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. नावांची अदलाबदल चालते. इमारतींची चालते का?

मूळ नियम काय?

सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात घरांचे तीन प्रकार सांगितले आहेत :

• मूर्तिपूजेसाठीच बांधलेलं घर : वापर निषिद्ध.

• आधीचंच घर, पण पूजेसाठी गिलावा किंवा सजावट केलेलं : नवं काम काढून टाकलं की चालतं.

• मूर्ती आणून ठेवली आणि नंतर हलवली : घर वापरायला मोकळं.

म्हणजे सांगलीतल्या एखाद्या हॉलमध्ये दहा दिवस गणपती बसला आणि विसर्जन झालं, तर तो हॉल तिसऱ्या प्रकारात बसेल. जागा कुणाची होती यापेक्षा ती कशासाठी बांधली आणि आता तिथं काय उरलं, हे महत्त्वाचं.

मशीद आणि चर्चचं काय?

बाराव्या शतकातले विद्वान मैमोनिडीज यांनी मुस्लिमांना मूर्तिपूजक मानलं नाही. त्यामुळे मशिदीबाबत अडचण कमी. चर्चबाबत मात्र रब्बींमध्ये मतभेद आहेत. तरी लंडनच्या ब्रिक लेनवरचं १७४३ चं चर्च १८९८ मध्ये सिनेगॉग झालं आणि १९७६ मध्ये मशीद!

सिनेगॉग विकता येतं का?

हा प्रश्न आपल्याकडे जास्त जवळचा. १९४८ नंतर बेने इस्राएली मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले, कोकणातल्या सिनेगॉगमध्ये माणसं कमी उरली. मिश्नानुसार विक्री करता येते, पण स्नानगृह किंवा कातडी कमावण्यासाठी नाही. आलेले पैसेही तोरा ग्रंथासारख्या अधिक पवित्र गोष्टीसाठीच खर्च करायचे.

भारतात कायदा काय म्हणतो?

धर्मशास्त्रानं मुभा दिली तरी इथं १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा आड येतो. एका धर्माचं प्रार्थनास्थळ दुसऱ्या धर्माचं करता येत नाही. केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यामुळे कोकणातलं एखादं सिनेगॉग उद्या ओस पडलं, तरी त्याचं मंदिर, मशीद किंवा चर्च होणार नाही.