भीमेचा जलाशय कसा झाला? जुना नकाशा उघडा, पोरं स्वतःच सांगतील

इंदापूर : शाळेत इतिहासाचा तास वेगळा आणि भूगोलाचा वेगळा. एकात सनावळ्या पाठ करायच्या, दुसऱ्यात नकाशात रंग भरायचा. गावाच्या बाबतीत मात्र हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. उजनीकाठच्या इंदापूर आणि करमाळा तालुक्यांत तर नाहीच नाही.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याआधीचा नकाशा पाहिला तर भीमा बारीक निळ्या रेघेसारखी वळणं घेत जाताना दिसते. आजच्या नकाशात त्याच जागी पसरलेला जलाशय आहे. हे दोन नकाशे शेजारी ठेवले की पोरं लगेच विचारतात, "इथली गावं कुठं गेली?" खरा धडा इथून सुरू होतो. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरल्यावर उघडं का पडतं, याचं उत्तर त्यात आहे. डिकसळचा जुना पूल रस्त्याचा असूनही रेल्वेच्या पुलासारखा का दिसतो, हेही कळतं. तो मुळात रेल्वेचाच पूल. धरणामुळं रेल्वेमार्ग बदलला आणि पूल रस्त्याच्या कामी आला.

वर्गात कसं करायचं?

अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागानं १९५०च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आपल्या भागाचा नकाशा मोबाईलवर उतरवून मोठा छापून घ्यावा. शेजारी गुगल मॅप उघडावा.

१. दोन्ही नकाशांत ओळखीची दहा ठिकाणं शोधायची. सापडलेल्यांवर बरोबरची खूण, न सापडलेल्यांवर प्रश्नचिन्ह.

२. या जुन्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. वाटेवर दोरा ठेवून दोन गावांतलं अंतर मोजायचं. मग आजचं अंतर काढायचं. पाण्याला वळसा पडून किती किलोमीटर वाढले, हे पोरांना वजाबाकीनं कळतं.

३. प्रश्नचिन्हं घेऊन घरी जायचं. आजी-आजोबांना विचारायचं आणि उत्तर वहीत लिहायचं.

नकाशा कुणी काढला, कशासाठी?

हा प्रश्न विचारायलाही पोरांना शिकवलं पाहिजे. इंग्रजांनी जमिनी मोजल्या त्या शेतसारा ठरवायला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेली आधीची मोजणी फसली होती. सारा जड झाला आणि शेतकरी जमिनी सोडून गेले. मग १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीनं मोजणी सुरू केली, ती याच इंदापूर तालुक्यातून. पुढं ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. शेताला सर्व्हे नंबर आला तो त्यातून. नंतर १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव गट पडले आणि गट नंबर आले. म्हणजे घरातल्या सातबाऱ्यावर जो आकडा आहे, त्यालाही इतिहास आहे.

गुंठ्याचंही तसंच. मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १ गुंठा, ४० गुंठे म्हणजे १ एकर. शाळेच्या मैदानावर दोरीनं एक गुंठा आखून दाखवला तर पोरं तो जन्मात विसरणार नाहीत.

गावाचा जुना नकाशा पाहायचा असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून नक्कल मागता येते. शिवरस्ता आणि पाणंद कुठून जात होती हे त्यात पाहता येतं. बांधावरच्या भांडणात मोठ्यांनाही हे माहीत असलेलं बरं.

मात्र नकाशा सगळं सांगत नाही. पाण्याखाली गेलेल्या गावात वेस कुठं होती, बाजार कोणत्या वारी भरायचा, गाव उठलं त्या दिवशी कोण काय घेऊन निघालं, हे कागदावर नसतं. ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांची वयं आता झाली आहेत. धरण पूर्ण झालं तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस आज पासष्टीच्या आसपास आहे. तेव्हा शाळांनी पुढच्या वर्षाची वाट पाहू नये. येत्या सुट्टीत पोरांच्या हाती नकाशा द्यावा आणि म्हाताऱ्या माणसांपाशी बसवावं.